दिव्याभोवतीचं कडं

१२ जून

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला प्रभूमध्ये सलाम.

पाकीट बघून दचकला असशील. आई ठीक आहे, मी ठीक आहे, दुकानही जागेवर आहे. फोन लागत नाही म्हणून तू शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे चौकशी केलीस, ते त्याने येऊन सांगितलं. फोन बिघडलेला नाही. आम्हीच तो बंद करून कपाटात ठेवलाय. मंडळीत सगळ्यांनीच ठेवलाय. एरवी पोटाचा उपास करतो, तसा हा कानांचा उपास. तेव्हा आता पत्रं! मला तर मजाच वाटतेय. शाळा सुटल्यापासून गिऱ्हाइकांची मापं सोडून मी काही लिहिलंच नव्हतं.

आपले पाळकसाहेब झटक्यानंतर अंथरुणालाच आहेत. जीभ जड झालीय, बोललेलं अर्धंच कळतं. पंचांनी इकडेतिकडे शोधाशोध केली आणि एका रविवारी हे नवीन आले. त्यांना पाळक म्हटलेलं आवडत नाही. "मी कसला पाळक, मी नुसता सेवक," म्हणतात. म्हणून आम्ही सगळे त्यांना सेवकच म्हणतो. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती, ती त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि पायरीवर बसून उपदेश केला. आवाज मोठा नाही. उलट इतका हळू, की सगळे पुढे वाकून ऐकतात. पहिल्या बाकावरचे आपले घोरेकाका आठवतात? ते जागे होते दादा! शेवटच्या गीतापर्यंत!

उपासना सुटल्यावर दारात त्यांनी माझी बोटं पाहिली आणि म्हणाले, "ही दिवसभर लोकांचे कपडे शिवतात आणि रविवारी लोकांसाठी पेटी वाजवतात. यांना कुणी कधी विचारलं का, दमलात का म्हणून?" मला तिथंच रडू फुटलं. तू हसशील. पण खरंच कुणी विचारलं नव्हतं रे.

मग ते घरी आले. आईसमोर बसून म्हणाले, "आई, तुम्हाला कशाची भीती वाटते?" आई म्हणाली, "अंधाराची." काचबिंदूचं सगळं रामायण तिने त्यांना ऐकवलं, थेंब, तपासण्या, डॉक्टरांची बोलणी, सगळं. त्यांनी मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. आपण दोघं तरी तिचं इतकं ऐकतो का?

तू ये एकदा. भेटलास की तुलाही पटेल.

तुझी,
ठमी

---

२४ जून

प्रिय ठमे,

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून टाके घातल्यासारखंच आहे. वहिनीने आधी वाचलं, मग मला दिलं. या घरात माझा नंबर नेहमी दुसरा.

तुला रडू आलं ते वाचून मी हसलो नाही. उलट लाज वाटली. तुझ्यावर सगळं टाकून मी इथे डेपोत बसचे ब्रेक दुरुस्त करत बसलोय. यायचं म्हणतो आणि राहून जातं. ते आता राहू देणार नाही.

पण मोठा भाऊ म्हणून चार गोष्टी विचारू दे. हे सेवक आधी कुठल्या मंडळीत होते? त्यांना सेवेसाठी कुणी नेमलं? पंचांनी तिथे कुणाला विचारून पाहिलं का? आपण धोबी बदलतानासुद्धा आधीच्या गिऱ्हाइकाला विचारतो. उद्धटपणे नाही, पण विचारायला काय हरकत आहे? माणूस खरा असेल तर त्याला राग येणार नाही.

आणि फोनचं मला नाही पटलं. उपास आपला आपण करायचा असतो. सगळ्या मंडळीचे कान एकदम बंद झाले, की मग ऐकायला कुणाचा आवाज उरतो?

वहिनी मागून ओरडतेय, "थेंब! थेंबांचं लिही!" तिच्या वॉर्डात रोज काचबिंदूची माणसं येतात, ज्यांना वाटलं होतं की बरं वाटतंय म्हणजे बरं झालंय. सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही. आईला सांग, सूनबाईचा हुकूम आहे.

तुझा,
दादा

---

१५ जुलै

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. धोबी काय, ब्रेक काय! देवाच्या माणसाला काय गॅरंटी कार्ड मागायचं?

तरी तुझ्यासाठी मी विचारलं. भीत भीत. सेवक हसले. म्हणाले, "शिफारस माणसं देतात बेटा. मला ज्याने पाठवलं, त्याने चिठ्ठी दिली नाही." मग माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा प्रश्न तुझा नाही. कुणीतरी तुझ्या तोंडात घातलाय." दादा, मी तुझं नावही काढलं नव्हतं! त्यांना कळतं.

इथे एक हृदयाला भिडणारी गोष्ट घडली. आपले रिटायर झालेले हेडमास्तर शास्त्रवाचनात उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं वचन मी घरी पाहिलं, पुढची ओळ वाचली तर अर्थ उलटा होतो." सेवक पायरीवरून उठले, त्यांनी हेडमास्तरांना मिठी मारली आणि चक्क रडले. "माझ्या भावाच्या आत्म्यात आग लागलीय, त्याच्यासाठी प्रार्थना करा," म्हणाले. किती प्रेम! पुढच्या रविवारी हेडमास्तरांच्या बाकावर कुणीच बसलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण नाहीच बसलं. ते एकटे बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. आता येत नाहीत.

त्यानंतर सेवकांनी सांगितलं की शास्त्र घरी एकट्याने वाचल्याने माणसात गर्व शिरतो. ते वाचून दाखवतील, तेवढं आम्ही धरून ठेवायचं. मला तर हलकं वाटलं. नाहीतरी शिवून दमल्यावर माझे डोळे मिटतातच.

आता खरी बातमी. बसला असशील तर ऐक. आईला दर्शन होऊ लागलंय! संध्याकाळी दिवा लावला, की तिला दिव्याभोवती गोल कडं दिसतं. इंद्रधनुष्यासारखं, लाल, हिरवं, निळं. मी खूप बघते, मला काही दिसत नाही. सेवकांना सांगितलं तर त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "राजासनाभोवतीचं तेज आहे हे. देव तिच्या डोळ्यांत नवी दृष्टी घालतोय." आता आईला सगळ्यांत पुढे बसवतात. बायका येऊन तिचे हात डोळ्यांना लावतात. ती किती खूश आहे सांगू! अधूनमधून कपाळ ठणकतं, मळमळतं. सेवक म्हणतात, जुनं निघून जाताना त्रास देणारच.

औषधाचं तू विचारशील. ते आता विचारू नकोस.

तुझी,
ठमी

---

२१ जुलै

ठमे,

हे पत्र वाचून झालं की मशीन बंद कर, आईच्या पायात चपला घाल आणि तिला डोळ्यांच्या दवाखान्यात ने. उद्या नाही, आज. इस्त्रीवाल्याचाही फोन आता लागत नाही, म्हणून पत्रच.

तुझं पत्र वहिनी उभ्याउभ्या वाचत होती. इंद्रधनुष्यापाशी आली आणि खाली बसली. ठमे, दिव्याभोवती रंगीत कडं दिसणं, कपाळ ठणकणं, मळमळणं, हा डोळ्यातला दाब आहे. दाब चढला की बुबुळावर पाणी साचतं आणि उजेड फुटून त्याचे रंग दिसतात. तो दाब आतली नस चिरडतो. मेलेली नस परत येत नाही. आईला तेज दिसत नाहीये. आईची दृष्टी जातेय, आणि जाताना रंग दाखवतेय.

औषधाचं विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. मला कळलंय.

त्या माणसाबद्दल तुला वाटतं मी जळतो. तसं समज हवं तर. पण एवढं तपासून बघ. लांडगा गुरगुरत येईल असं आपण धरून चालतो. तो लोकर पांघरून येतो, म्हणून तर प्रभूला आपल्याला आधीच सावध करून ठेवावं लागलं. प्रेषित पौलाने सांगितलेलंसुद्धा लोक रोज शास्त्रात शोधून पाहायचे, हे असंच आहे का म्हणून. पौल त्यांच्यावर चिडला नाही, त्यांच्या गळ्यात पडून रडलाही नाही. त्या लोकांचं शास्त्रात कौतुक केलेलं आहे. तुझ्या सेवकाने मात्र पुस्तकच मिटायला लावलं. का?

तो खुर्चीवर बसत नाही हे खरं. पण तो आल्यापासून त्याच्याशिवाय दुसरं कोण बोलतंय? मंडळीत काय पिकलंय ते बघ. हेडमास्तर एकटे पडले. तू स्वतःच्या भावाला प्रश्न विचारू देत नाहीस. आई आजारी आहे आणि तिच्या दुखण्याचा उत्सव चाललाय. प्रभूने आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला, धू म्हणाला, आणि तो माणूस बघू लागला. त्याने बरं केल्यावर कुणाला बघता येणं बंद झालं, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

थेंब आणि विश्वास यांचं भांडण देवाने लावलेलं नाही ठमे.

मी रजा मागितलीय. डेपोत दोन माणसं कमी आहेत, साहेब आज-उद्या करतोय. पण तू थांबू नकोस.

दादा

---

४ ऑगस्ट

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. मी सुखरूप आहे. माझ्यावर मोठी कृपा झाली आहे. तुम्ही माझी काळजी करता, परंतु ती काळजी देहाची आहे. तुमच्या शंकेने माझ्या दर्शनावर सावली पडते असं मला कळवण्यात आलं आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून उजव्या बाजूला अंधार वाटतो. तुम्ही शंका सोडली, की तो जाईल.

तूर्त तुम्ही येऊ नये. येणाऱ्या रविवारी मी सगळ्या मंडळीपुढे साक्ष देणार आहे. त्यानंतर पाहू.

तुमच्या पत्नीस आशीर्वाद.

तुमची आई

(दादा, आईने सांगितलं तसं मी लिहिलंय. आता बाहेर जाणारी आणि आत येणारी पत्रं आशीर्वादासाठी आधी सेवकांच्या हाताखालून जातात. तेव्हा जपून लिही. म्हणजे प्रेमाने लिही. — ठमी)

---

७ ऑगस्ट

सेवकसाहेब,

हे पाकीट आधी तुम्ही उघडणार आहात, म्हणून तुम्हालाच लिहितो.

माझी आई मला आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हणालेली नाही. ती मला 'लंबू' म्हणते, रागावली तर 'मेल्या' म्हणते. ते पत्र तिच्या तोंडचं नाही. तुमचं आहे. शब्द गुळगुळीत आहेत, पण तुम्हाला आमचं घर ठाऊक नाही.

तुम्ही कुठून आलात ते सांगितलं नाहीत. मी कुठून येतोय ते सांगतो. डेपोतून. रजा मिळालेली नाही, तशीच घेतली आहे. रविवारी मी तिथे असेन. माझ्या आईला घेऊन जायला येतोय. तुमच्याशी वाद घालायला नाही.

ठमे, हे तुला वाचायला मिळालं तर आईच्या कपड्यांची पिशवी भरून ठेव.

दादा

---

१६ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं शेवटचं पत्र मला मिळालंच नव्हतं. म्हणून रविवारी तू देवळाच्या दारात दिसलास तेव्हा माझे हात पेटीवर थिजले. त्या दिवशी आईला रिक्षात बसवताना तू मला म्हणालास, "चल." मी नाही म्हणाले, आणि तू आग्रह केला नाहीस. आज त्याचं कारण लिहिते. आता हे पत्र कुणाच्याही हाताखालून जाणार नाही. मी ते स्वतः टपालपेटीत टाकणार आहे.

मी जिथे बसले होते तिथून जे दिसलं, ते तुला दिसलं नसेल. तुझी पाठ लोकांकडे होती.

आईला त्यांनी पुढे उभं केलं. मी शिवलेला पांढरा झगा तिच्या अंगावर होता. सेवक पायरीवर बसून हळू आवाजात विचारत होते, "आई, काय दिसतं?" आई म्हणाली, "उजेड. सगळीकडे उजेड." लोक रडायला लागले. मग ते म्हणाले, "आणि कशाची खंत आहे?" आई म्हणाली, "माझा लंबू इथं नाही. तो आला असता, मला असं पाहिलं असतं, तर त्याचा विश्वास बसला असता."

आणि तू मधल्या वाटेने चालत येत होतास. चपला दारात काढल्यामुळे आवाजही नव्हता. तू तिच्या समोर जाऊन उभा राहिलास, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. आई तुझ्याकडे तोंड करून, हसून बोलत होती, "तो फार लांब राहतो हो. लहानपणापासून हट्टी. पण मनाचा चांगला आहे." तुझा शर्ट तिच्या झग्याला लागायचा बाकी होता. तरी ती तुला सांगत होती की तू नाहीस.

सगळ्या देवळाने ते पाहिलं दादा. घोरेकाका उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. आता कुणीतरी ओरडेल.

सेवकांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. पायरीवरूनच, त्याच हळू आवाजात म्हणाले, "पाहा. अविश्वासी माणूस तिच्यापुढे उभा आहे आणि देवाने तो तिच्या दृष्टीआड केला आहे." आणि लोक म्हणाले, "आमेन." मी ओळखते ती माणसं. त्यांच्या मुलांचे कपडे मी शिवलेत. ती सगळी म्हणाली, "आमेन." घोरेकाका खाली बसले.

मग सेवकांनी माझ्याकडे पाहून बोट हलवलं. वाजव, अशी खूण. मी भात्यावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. तेवढंच माझ्याच्याने झालं.

आईने तुझा आवाज ऐकला, "आई, चल," आणि तिने हवेत हात चाचपले. ती तुझा चेहरा शोधत होती, तेव्हा तिचा स्वतःचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. ती घाबरलेली होती. कधीपासून घाबरलेली होती कुणास ठाऊक. सगळे तिला बघायला येत होते आणि ती ते तोंड मिटून सोसत होती. थेंबांची बाटली तिने जुलैच्या सुरुवातीला मंडळीसमोर त्यांच्या हातात दिली होती. तेव्हा मी गीत वाजवत होते.

तू गेल्यावर मी हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि काही न विचारता पाणी दिलं. मग आम्ही दोघं पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांना बोलायला फार वेळ लागतो. एक वाक्य त्यांनी तीनदा सुरू केलं. "मी... आजारी आहे... म्हणून... दार... उघडं राहिलं." आणि डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला. मी इथं थांबले ती त्यासाठी. दार उघडंच आहे आणि आत माणसं आहेत.

आईचे डोळे कसे आहेत ते खरं खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

ठमी

---

२९ ऑगस्ट

प्रिय ठमे,

खरं लिहितो. उजवा गेला. डाव्याचं ऑपरेशन झालं, दाब खाली आलाय. डाव्याने तिला समोरचं दिसतं, बाजूचं नाही. वहिनी म्हणते, किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं. चार आठवडे आधी आली असती तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि आईकडे बघून थांबले.

पहिले काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. "तू माझी साक्ष मोडलीस," एवढंच म्हणाली. मला वाटलं, डोळा वाचवला आणि आई गमावली. मग एका दुपारी वहिनी शास्त्र वाचून दाखवत होती. आईने तिला थांबवलं. "हे असंच लिहिलंय? तुझ्या मनाचं तर घालत नाहीस?" वहिनी म्हणाली, "असंच लिहिलंय." "पुन्हा वाच." आता रोज हे चालतं. प्रत्येक ओळीला थांबवते. "पुढची ओळ काय आहे? आधीची काय होती?" एक अध्याय संपायला अर्धा दिवस जातो. वहिनीची ड्यूटी असली की मला धरते. काल म्हणाली, "मेल्या, तू शब्द खातोस." ते ऐकून मला किती बरं वाटलं, तुला सांगता येणार नाही.

पण संध्याकाळी दिवा लावला की ती मान फिरवते. आम्ही दिवा तिच्या पाठीमागे हलवलाय.

तिने तुझ्यासाठी निरोप दिलाय. तिच्याच शब्दांत लिहितो. "ठमीला सांग, तिची बोटं दमली असतील. मी कधी विचारलं नाही."

दादा

---

३ ऑक्टोबर

मंडळीचे पंच यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी कपडे शिवते आणि आमच्या देवळात पेटी वाजवते. आमच्याकडे काही महिने असलेले एक उपदेशक आता तुमच्याकडे येत आहेत असं ऐकलं. ते स्वतःला सेवक म्हणवतात, पायरीवर बसतात आणि हळू बोलतात.

आमच्या हेडमास्तरांनी आणि इतर काही जणांनी पंचांना भरीस घातलं, आणि पंचांनी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही आधी कुठे होतात, तिथल्या कुणाशी आम्हाला बोलता येईल का. ते म्हणाले, उद्या सांगतो. सकाळी खोली रिकामी होती. आमची पाच कुटुंबं त्यांच्या मागे गेली. ती कदाचित आता तुमच्या बाकांवर बसत असतील. त्यांना आमचा सलाम सांगा. आम्ही त्यांच्यावर रागावलेलो नाही.

माझ्या आईने त्यांच्या सांगण्यावरून डोळ्यांचं औषध सोडलं. तिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं, त्याला ते तेज म्हणाले. आता तिला एका डोळ्याने दिसत नाही. हे मी ऐकलेलं सांगत नाही, माझ्या घरात घडलेलं सांगते.

मी म्हणते म्हणून त्यांना घालवू नका. त्यांना प्रश्न विचारा. त्यांचं सांगणं घरी जाऊन शास्त्राशी ताडून पाहा. मग ते काय करतात ते बघा.

प्रभूमध्ये तुमची बहीण

---

१९ ऑक्टोबर

ताई,

पंचांचं उत्तर तुम्हाला येणार नाही म्हणून मी लिहितेय. मी मंडळीत शेवटच्या बाकावर बसते. शाळेच्या खानावळीत भांडी घासते. लिहायची सवय नाही, चुका पोटात घाला.

तुमचं पत्र रविवारी सेवकांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही, वरचा पत्तासुद्धा नाही. वाचताना मधे मधे थांबून हसत होते, वाईट नाही, दया आल्यासारखं. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आंधळ्या आईची मुलगीही आंधळी. तिच्यावर प्रेम करा." सगळ्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली. मीही केली, तोंडाने.

माझ्या नवऱ्याला फिट येतात. गोळ्यांनी दोन वर्षं आल्या नव्हत्या. तीन आठवड्यांपूर्वी त्याने गोळ्या सेवकांना दिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परवा तो कामावर जिन्यात पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, डोळ्यांपुढे प्रकाश दिसला. सेवक म्हणाले, येत्या रविवारी पुढे येऊन साक्ष दे. तो दोन दिवस आरशासमोर उभा राहून काय बोलायचं ते पाठ करतोय.

मी त्याला काही बोलले तर तो त्यांना सांगतो. सगळंच सांगतो आता. म्हणून तुम्हाला विचारते. तुमचा भाऊ आला, तेव्हा तो आत कसा आला, काय म्हणाला, तिला बाहेर कसं नेलं, सगळं नीट लिहा. मला भाऊ नाही. मला एकटीलाच जायचंय.

रविवारच्या आत लिहा. उत्तर घरी पाठवू नका, शाळेच्या खानावळीत पाठवा. वर भांडीवाली एवढंच लिहा.